वाकडा गाभारा

आमच्या ह्यांना सगळे तानाजी मिस्त्री म्हणतात. कुपवाडच्या एमआयडीसीत ह्यांचं लाकडी पॅटर्न करायचं शेड आहे. पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पंपाचं झाकण ओतायचं असेल तर आधी तसंच हुबेहूब झाकण लाकडाचं करतात. ते वाळूत दाबून साचा उठवतात, लाकूड अलगद काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. लाकूड चुकलं की त्यातून निघणारा एकेक नग चुकतो. त्यामुळं ह्या माणसाला वाकडं म्हणून काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, माझा देव्हारा, शेजारच्या जयराजनं दारात उभी केलेली मोटरसायकल, सगळं ह्यांनी कधी ना कधी सरळ केलेलं आहे. अशा माणसाशी संसार केल्यावर मी एवढी सरळ कशी राहिले, याचं कौतुक अजून कुणी केलेलं नाही.

ह्या धंद्यात एक जुनी रीत आहे. पुण्याच्या एखाद्या कंपनीचं ड्रॉइंग येतं. ते काढणारं पोरगं नवं असतं, कुठं भोक सरकलेलं असतं, कुठं माप उलटं पडलेलं असतं. पॅटर्नवाल्याच्या ते लक्षात येतं आणि तो गुपचूप सुधारून टाकतो. साहेबाला कळवत नाही आणि त्या पोरालाही बोलत नाही. "लेकरू हाय, साह्यबापुढं तोंडावर पडंल," एवढंच हे म्हणणार. कुपवाडातले सगळे जुने मिस्त्री असंच करतात आणि त्यात त्यांना मोठं पुण्य वाटतं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

संयोगिता आमची एकुलती एक. सांगलीत आर्किटेक्ट झाली, पुढं शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथंच जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या एका ऑफिसात लागली. तिच्याकडं एका खेड्यातल्या चर्चचं काम आलं. त्या खेड्याचं नाव मी पुष्कळ घोकून पाहिलं, पण माझ्या जिभेवर ते काही बसेना. शेवटी आम्ही घरात त्याला 'संयूचं गाव' म्हणायला लागलो.

पहिल्यांदा तिनं व्हिडिओवर ते चर्च दाखवलं तेव्हा मी हिरमुसलेच. मला वाटलं होतं काहीतरी भव्यदिव्य असेल. हे म्हणजे आष्ट्याजवळच्या आमच्या गावातल्या भैरोबाच्या देवळाएवढं, पिवळट दगडाचं, एका टोकाला बुटका चौकोनी बुरूज आणि भोवती गवतात कलंडलेली थडगी. पण ती सांगायला लागली आणि मी ऐकतच बसले. आठशे वर्षांच्या वरची इमारत. आत एका बाजूच्या कमानी गोल, कारण त्या आधीच्या. समोरच्या टोकदार, कारण त्या दीडशे वर्षांनी आल्या. एका खांबाच्या माथ्यावर दगडात पानं कोरलेली, ती अर्ध्यावरच थांबलेली, आणि त्याच्या पुढच्या खांबांवर नुसते ठोकळे.

"प्लेग आला, आई," ती म्हणाली. "कोरणारी माणसंच गेली. मागनं आलेल्यांना पानं काढायला येत न्हवती."

उत्तरेकडचं एक दार दगडांनी बुजवलेलं होतं. भिंतींवर एकेकाळी स्वर्ग-नरकाची चित्रं होती. धर्मातल्या भांडणात त्यांच्यावर चुना फासला गेला आणि फार पुढं कुणी शहाण्यांनी जीर्णोद्धार म्हणून तो चुना चित्रांसकट खरवडून काढला. हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. देवळाच्या जुन्या दगडाला ऑइलपेंट फासणारे फक्त आपल्याकडंच असतात असं नाही.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. चर्चचे दोन भाग असतात. लोक बसतात तो मंडप आणि त्याच्या पुढं पूजेची जागा, आपल्या भाषेत गाभारा. जुना कायदा असा की गाभारा राखायचा पाद्रीबाबानं आणि मंडप नि बुरूज राखायचा गावानं. गावानं हौसेनं मंडप उंच करावा आणि पाद्रीबाबाच्या गाभाऱ्याचं छप्पर तसंच गळत राहावं, मग दोघांची जुंपावी.

"म्हंजे आपली देवस्थान कमिटीच की गं," मी म्हणाले. संयू एवढी हसली की तिच्या हातातला फोन हलला.

हे सगळं ती मला सांगत होती. ह्यांना नाही. हे फोनवर आले की "जेवलीस का", "थंडी लय हाय का" आणि "घे, आईशी बोल" एवढ्यात बापलेकीचं बोलणं संपायचं. माया नव्हती असं नाही. माया होती, पण ती ह्यांना तोंडानं करता येत नव्हती.

संयूच्या गावात हिल्डा नावाची एक म्हातारी आहे. तरुणपणीच तिची नजर गेली. चर्चच्या बुरुजातली घंटा दोर ओढून वाजवायचं काम ती तेव्हापासून करते आणि काठी न घेता साऱ्या चर्चमध्ये फिरते. तिच्यासारख्या न दिसणाऱ्या माणसांना हातानं चाचपून चर्च कळावं म्हणून दाराशी धातूची एक प्रतिकृती ठेवायची, असं तिथल्या कमिटीनं ठरवलं. हातभर लांबीची, बुरूज-मंडप-गाभारा सगळं असलेली. तिथल्याच एका कंपनीचं मशीनवर करून देण्याचं बोलणं चाललं होतं. तर आमची संयू भर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, माझे वडील पॅटर्न करतात, त्यांच्या हातून रेघ चुकत नाही, हे काम त्यांना द्या.

कमिटीवाले कुजबुजले, लेकीनं बापाला काम दिलं असं लोक म्हणतील, इतक्या लांबून कसं जमेल. तिनं आपल्या शब्दावर ते काम आणलं. पहिल्यांदा अॅल्युमिनियमचा एक नमुना पाठवायचा, तो पसंत पडला तर मग कांस्याची पक्की प्रतिकृती, असं ठरलं.

आता कंपन्या मशीनवर कापलेले पॅटर्न मागवतात. ह्यांच्या शेडात येतं ते बहुतेक डागडुजीचं काम. हे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, पण मला दिसत होतं. सकाळी सगळ्यांच्या दुचाक्या एमआयडीसीकडं पळायला लागल्या की हेही निघायचे आणि शेडात जाऊन हत्यारांना धार लावत बसायचे. धार लावलेल्यालाच पुन्हा धार. संयूचं ड्रॉइंग आलं त्या दिवशी ह्यांनी चष्मा पुसला, कागद टेबलावर पसरला आणि मला म्हणाले, "सागवान वापरतो. पाइन नको." घरात लग्न निघाल्यासारखा तो चेहरा होता.

काम सुरू झालं. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो, त्यासाठी ह्यांच्याकडं निराळी पट्टी असते. त्या पट्टीनं मोजून ह्यांनी बुरूज केला, त्याच्या कठड्याचे दात केले, मंडपाचं उतरतं छप्पर केलं. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे खिडकीची नक्षी कोरण्यात एवढे गढलेले असायचे की डबा तसाच राहायचा.

एका दुपारी गेले तर हे कपाळाला आठ्या घालून ड्रॉइंगकडं बघत होते.

"काय झालं?"

"पोरीचं डोकं कुठं हुतं कुणास ठावं. गाभारा बग. मंडपाच्या रेघंत न्हाईच. डावीकडं कललाय."

मी पाहिलं. खरंच कललेला होता. फार नाही, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"आवं, मग फोन करून इचारा की तिला."

"इचारून तिला लाजवू व्हय? हापिसात कुणाला कळलं तर? न्हाई. मी घेतो सांबाळून." आणि ह्यांनी पेन्सिल घेऊन बुरुजापासून गाभाऱ्याच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारली. मारताना चेहऱ्यावर काय समाधान होतं! आयुष्यभर परक्यांची पोरं सांभाळली, आज स्वतःचं पोर सांभाळायची पाळी आली होती.

शेडाशेजारच्या इमामभाईंच्या फौंड्रीत नमुना ओतला. इमामभाई आणि हे बरोबरीनं म्हातारे झालेले. वाळू झटकून ते चांदीसारखं चर्च बाहेर काढलं तेव्हा इमामभाई म्हणाले, "मिस्त्री, ह्यात नमाज पडावी का आरती करावी?" आम्ही पेढे वाटले. कुरियरवाला पेटी घेऊन गेला.

पुढं संयूचा फोन आला तो रविवारी संध्याकाळी. मी नेहमीसारखी हसत उचलला. तिचा चेहरा पाहिला आणि माझं हसू जागीच राहिलं.

"आबांना दे."

हे आले. "जेवलीस का?"

"आबा, आज चर्चमधी सगळे जमले हुते. हिल्डाच्या हातात पयलांदा दिलं. तिनं बुरुजावर हात ठिवला, मंग छपराच्या कण्यावरनं बोट फिरवत गाभाऱ्यापतोर आली. परत फिरवलं. परत एकदा फिरवलं. अन् म्हणाली, लय सुंदर हाय, पर हे माझं चर्च न्हाई."

"का?"

"ती म्हणाली, मंडपातनं गाभाऱ्यात जाताना पायरीशी मला डावीकडं वळावं लागतं. रोजच वळते. न्हाई वळलं तर बाकाला धडकते. ह्यात वळणच न्हाई."

ह्यांचा चेहरा अजून शांत होता. उलट आता आपलं पुण्य उघडं करायची वेळ आली असं ह्यांना वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाले, "संयू, तुझ्या ड्रॉइंगमधी गाभारा वाकडा आला हुता. मी सरळ केला. कुणाला बोललो न्हाई. तू पण बोलू नगंस."

तिनं फोन चेहऱ्याजवळ आणला.

"आबा, ड्रॉइंग बरोबर हुतं. चर्चच वाकडं हाय. सातशे वर्सं वाकडं हाय."

"आसं कुठं आसतंय? देवाची जागा कुणी वाकडी बांदतंय व्हय?"

"तुमाला वाटलं, मी चुकले."

"तसं न्हाई गं…"

"तसंच हाय. मी सगळ्यांपुढं उभी ऱ्हाऊन सांगितलं, माझ्या वडलांच्या हातनं रेघ चुकत न्हाई. अन् तुमी माझी रेघच खरी धरली न्हाई. एक फोन करायचा हुता, आबा. मला इचारलं का न्हाई?"

ह्यांच्या उत्तराची वाट न बघता तिनं सांगितलं, पुढच्या बैठकीत मशीनवाल्यांना परत बोलावायचं का ते ठरणार आहे. नवा नमुना पाठवायचा का नाही हे आबांनी कळवावं. मग फोन बंद झाला. एरवी ती ठेवताना "आई, जपून ऱ्हा" म्हणते, ते म्हणाली नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला मी इथं सांगलीत, ती तिथं.

दोन दिवस हे शेडात गेले, पण हत्याराला हात लावला नाही. इमामभाई घरी चौकशीला आले. आधी त्यांनी आपली काळजी मिटवून घेतली, "मिस्त्री, माझ्या कास्टिंगमधी तर खोट न्हवती न्हवं?" मग बसले.

"कुणासाठी केलं मी?" हे म्हणाले. "तिच्यासाठीच की. पोरगी हाय म्हणून सांबाळून घ्याला गेलो, तर उलटी माझ्यावरच गुरगुरली."

इमामभाई चहात बघत राहिले. मला मात्र राहवलं नाही. मी तशीही फार राहवणारी नाही.

"चूक झाकलीत म्हणून न्हाई रागावली ती," मी म्हणाले. "चूक हाय म्हंजे तिचीच आसणार, आसं धरून चाललासा, म्हणून रागावली. एवडी शिकवली, समिंदराच्या पल्याड धाडली, अन् तिनं मारलेल्या एका रेघंवर तुमचा इस्वास न्हाई? त्या पुण्याच्या कंपन्यांची पोरं अन् आपली संयू एकच व्हय? आन् एकच आसली तरी त्यांना तरी कुटं इचारता? कवा तरी कुणाला तरी तोंड उगडून इचारा की!"

एवढं बोलून मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले. आतून ऐकत होते. इमामभाई हळूच म्हणाले, "मिस्त्री, वैनी बोलल्या ते…" आणि हे म्हणाले, "ठावं हाय रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून हे पाटावर बसले आणि फोन घेऊन बोटानं काहीतरी शोधायला लागले. आमच्या घरात आजवर फोन लावायची मी आणि बोलायला यायचे हे. ह्यांनी आपल्या हातानं संयूला फोन लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तिथं अजून पहाटही झालेली नसते, हे मी सांगेपर्यंत तिकडून घाबरा आवाज आला.

"आबा! काय झालं? आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी हाय. लय बरी हाय." माझ्याकडं एक नजर टाकून हे म्हणाले. "संयू, मला एक सांग. त्यो गाभारा वाकडा का हाय?"

तिकडून दिवा लावल्याचा आवाज.

"लोक दोन गोष्टी सांगतात," ती म्हणाली. झोपेतला आवाज हळूहळू जागा होत गेला. "कुणी म्हणतं, क्रुसावर येशूची मान कलली हुती, तसा गाभारा कललेला ठिवलाय. पर मला दुसरंच खरं वाटतं. जुना गाभारा लहान हुता. मोठा बांदायचा ठरलं, पर पूजा बंद ठिवून चालणार न्हवतं. मग जुन्याच्या भवतीनं नव्या भिती उटवल्या. आत पूजा चालू, भायेर काम चालू."

हे पाटावरून उठले. "म्हंजे मधी जुना गाभारा उभा."

"व्हय."

"मग मंडपातनं पार टोकापतोर दोरी ताणायला जागाच न्हाई."

"तेच, आबा. भायेरनं अंदाजानं आखलं. नवं छप्पर चढलं, आतला जुना पाडला, तवा कळलं."

"दोरीच ताणता आली न्हाई व्हय…" हे स्वतःशीच म्हणाले. मी ह्यांचा चेहरा बघत होते. त्या सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा मिस्त्रीची कीव येत होती ह्यांना. जुना पाडल्यावर तो मिस्त्री मंडपात उभा राहून समोर बघत असेल. मागं उभं सारं गाव.

"मग पाडलं न्हाई?"

"न्हाई. त्यातच पूजा सुरू केली."

हे परत पाटावर बसले आणि म्हणाले, "संयू, मी इचाराया पायजे हुतं तुला. तुझी रेघ खरी हुती. माझं चुकलं."

हे शब्द ह्या माणसाच्या तोंडून मी लग्नानंतर ऐकलेले नव्हते. तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

बैठक झाली. हिल्डाच म्हणाली म्हणे, की त्या माणसाच्या बोटांत कसब आहे, त्याला आणखी एकदा करू द्या. संयूनं पुन्हा शब्द टाकला. या वेळी जरा मोठी प्रतिकृती करायची ठरली, पहिल्या नमुन्यात सोडून दिलेल्या बारक्या गोष्टीही घ्यायच्या. नमुना-बिमुना नाही, एकदम पक्कं काम. आता चुकलं तर तिचं त्या ऑफिसात तोंड दाखवणं अवघड, हे तिनं सांगितलं नाही, पण आम्हाला कळत होतं. रात्रंदिवस बसून तिनं नवी ड्रॉइंगं पाठवली.

आणि ह्यांचे फोन सुरू झाले. इतकी वर्षं "जेवलीस का"च्या पुढं न गेलेला माणूस रोज लेकीला फोन करायला लागला. मी तिथली वेळ भिंतीवर लिहून ठेवली, नाहीतर पोरीला झोप मिळाली नसती.

"हितल्या खिडक्या तीन अन् चौथी निराळीच. का?"

"कुण्या श्रीमंत व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बसवली, आबा."

"आन् हे मंडपाचं छप्पर पयलं उच्चं हुतं का? बुरुजावर तिरकी खूण दावलीया."

"व्हय, आबा! ती जुन्या छपराची खूण. तुमाला कसं कळलं?"

"आगं, कौलारू छप्पर उतरवलं की भितीवर आशीच खूण ऱ्हाती की."

कधी ती फोन घेऊन चर्चमध्येच जायची आणि ह्यांना हव्या त्या कोपऱ्यात नेऊन उभी करायची. एकदा हिल्डा भेटली. हे खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "नमस्कार म्हण त्यास्नी. अन् म्हणावं, वळण बराबर देतो." हिल्डानं काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण संयू मोठ्यानं हसली आणि तिला हसताना बघून मी मनातल्या मनात भैरोबाला नारळ कबूल केला.

गाभारा वाकडा जोडायचा दिवस ह्यांना जड गेला. हात सरळ जायचा. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी ड्रॉइंगवरचा कोन पत्र्यावर कापून तो पत्रा सांध्यात धरला आणि गाभारा त्याला टेकवला. जोडून झाल्यावर डोळे मिटून छपराच्या कण्यावरून बोट फिरवलं. पायरीपाशी बोट डावीकडं वळलं. ह्यांनी मान डोलावली.

उरल्या होत्या फक्त बाहेरच्या भिंतींच्या खुणा आणि टेकू. टेकू म्हणजे भिंत बाहेर कलू नये म्हणून तिला बाहेरून दिलेला दगडी आधार. हे टेकू नव्या ड्रॉइंगमध्येच पहिल्यांदा आले होते. त्या दिवशी मी शेडातच होते. ह्यांनी फोन टेबलावर उभा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि संयूला म्हणाले, "उत्तरंच्या भितीचा तिसरा टेकू बग. बराबर खिडकीच्या पुढ्यात आलाय. अर्धी खिडकी झाकली."

"तिसरा?" संयू म्हणाली.

"माझा आपला अंदाज सांगतो," हे आता रंगात आले होते. "प्लेगातलाच आसंल. भीत कलाया लागली, जुनी मानसं मेली, मिस्त्री नवखा. खिडकीचं कुणाला पडलंय? गाव म्हणलं आसंल, आदी भीत वाचवा, मग उजेडाचं बगू. व्हय न्हवं?"

तिकडं कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. पडद्यावर तिचा चेहरा उतरला.

"आबा, त्यो टेकू तितं न्हाई. एक खण पल्याड हाय. ती माझी चूक हाय. मी चुकीच्या जागी काढलाय."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका ज्यानं गपचूप पोटात घातल्या, त्याच्यासमोर आज पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन चूक सांगत होतं, आणि ती त्याची लेक होती. आता हे म्हणतील, बघ, म्हणूनच मी न विचारता सरळ करत होतो. म्हणाले असते तर मी तिथंच हातातला डबा आपटला असता.

ह्यांनी कपाळावरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "तसाच ठिवू का?"

"काय, आबा?"

"न्हाई, त्यांचं वाकडं सातशे वर्सं ठिवलंय की समद्यांनी. तुझं बी ठिवतो."

संयूनं तोंडावर हात धरला. ती हसत होती का रडत होती मला कळेना, आणि माझं स्वतःचंही मला कळेना.

"नको, आबा," ती कशीबशी म्हणाली. "बरोबर करा. तुमाला येतंय की."

"येतंय," हे म्हणाले आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली. "पर किती सरकवायचा, ते तू सांग."